हजार-दोन हजारांचे स्पीकर: आधी काय, मग काय

"काका, वूफर फाटलाय, कोन बदलून द्या." मागच्या गणपतीत शेजारच्या पोरानं त्याचा २.१ चा सेट, म्हणजे एक बेसचा वूफर आणि दोन छोटे स्पीकर, आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी आधी त्याचा लॅपटॉप मागवला. व्हीएलसी प्लेअरचा आवाज १२५ टक्के, विंडोजचा ४०, वूफरचा बेस पूर्ण उजवीकडे पिळलेला. घरी जाऊन पाहिलं तर वूफर टेबलाखालच्या कोपऱ्यात दोन भिंतींना चिकटून बसलेला. चारही गोष्टी सरळ केल्या आणि स्क्रू न काढता वूफर बरा झाला.

८०० ते ४००० रुपयांच्या स्पीकरच्या बाबतीत लोक चुकतात ते बहुतेक क्रमात. आधी इक्वलायझर ओढतात, मग नवी केबल आणतात, जागा शेवटी बघतात आणि अडॅप्टरकडे तर कधीच बघत नाहीत. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा. मधली एखादी गाळली तर पुढच्या पायरीत दोष नेमका कुठं आहे ते कळणार नाही.

## हाताशी काय हवं

एक जास्तीची ३.५ मिमीची केबल, मोबाइल, मोजपट्टी, दोन खोडरबर आणि नीट माहितीचं एक रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग असं घ्या, की ज्यात माणसाचा आवाज आणि तबला आहे आणि जे तुम्ही शंभरदा ऐकलंय. नवंकोरं गाणं लावून स्पीकर जोखता येत नाही. दोष गाण्यात आहे की डब्यात, हे मग सांगणार कोण? शिवाय २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत सरकत जाणारा चाचणीचा सूर इंटरनेटवर फुकट मिळतो, तो उतरवून ठेवा.

## १. घेण्याआधी: खोका बाजूला, चिठ्ठी वाचा

खोक्यावरचा "पीएमपीओ"चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आकडा डोळ्याआड करा. तो मोजण्याची कुठलीही ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे कंपनी हवा तो लिहू शकते. आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा, आकडा बघा आणि त्याचीही उलटतपासणी अडॅप्टरवरून करा.

अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असं छापलेलं असेल तर गुणाकार १८ वॅट. आत जातात तेवढेच १८ वॅट, तेव्हा बाहेर सलग ४० येणार नाहीत. क्लास डीचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर यातले बरेचसे आवाजाला मिळतात. जुन्या क्लास एबीत मोठा वाटा उष्णतेत जातो.

यूएसबीवर चालणाऱ्या जोडीचं गणित तर अजून सरळ. साध्या यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. ३.० चा पोर्ट असेल तर साडेचार. असल्या स्पीकरांत बऱ्याचदा पीएएम ८४०३ ही छोटी चिप असते. तिच्या माहितीपत्रकातले दर बाजूला ३ वॅट हे आवाजात १० टक्के विकृती धरून दिलेले आहेत. खोक्यावर मात्र नुसतं "६ वॅट" येतं.

आता उलट बाजू. छोटा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर साधारण ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला तो भरपूर असतो. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. म्हणून टेबलावर ऐकायला खरे ५ वॅट पुरतात. उरलेले पैसे डब्यात आणि जोडण्यांत घाला.

दुकानात, मग ते लॅमिंग्टन रोडवरचं असो, तापकीर गल्लीतलं असो की गावातलं, एवढं हातानं बघा:

- डब्यावर बोटाच्या पेरानं टकटक करा. ठक्क असा कोरडा आवाज हवा, रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा नको.
- कोनच्या, म्हणजे पुढं-मागं हलून आवाज काढणाऱ्या शंकूच्या, कडेची गोल पट्टी रबराची आहे की फोमची? फोम दमट हवेत काही वर्षांत चुरा होतो. कोकणात राहणाऱ्यांनी फोम घेऊच नये.
- केबल सुटी होते का? माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सेटमध्ये सगळ्यात आधी मेलेली असते ती डब्यातून थेट बाहेर आलेली तार, तीही नेमकी मानेपाशी. सुटी केबल शंभर रुपयांत बदलता येते, सोल्डरनं डागलेलीसाठी डबा उघडावा लागतो.
- अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि "आर-" ने सुरू होणारा क्रमांक. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा की खोटा ते तिथंच कळतं.

इशारा: दुकानदार लावतो ते धडधडीत गाणं ऐकून ठरवू नका. बातम्या लावायला सांगा. बोलणाऱ्याचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा आला तर तो स्पीकर तिथंच ठेवा.

## २. पहिल्या दिवशी: परत करण्याची मुदत संपायच्या आत

"पन्नास तास वाजला की खुलतो" या आशेवर बसू नका. पहिल्या दिवशी खरखरणारा स्पीकर पन्नासाव्या तासालाही खरखरतो, फरक इतकाच की तोवर परत करायची मुदत गेलेली असते.

आवाज अगदी कमी ठेवून चाचणीचा सूर लावा आणि डब्याजवळ कान न्या. सूर वर चढताना मधेच कुठं झर्रर्र झालं तर सूर थांबवा आणि जाळी, पाय, बटणाची टोपी एकेक बोटानं दाबून तोच भाग पुन्हा लावा. बोट ठेवल्यावर आवाज थांबला तर ढिला भाग सापडला. कशानंच थांबला नाही तर कोनमागची तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, घासतेय असं समजा आणि सेट परत करा.

तीन इंची स्पीकर ८०-१०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ गप्प बसतो. तो त्याचा दोष नाही, आकारच तेवढा.

इशारा: खालचे सूर ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवू नका. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, डब्यात ठरावीक सुराच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलायला लागतो. कान काही ऐकत नाही आणि कॉइल मात्र आपटत राहते.

## ३. जोडणी

डेस्कटॉपला मागचं हिरवं भोक वापरा. पुढच्या पॅनेलची तार कॅबिनेटच्या आतून सगळ्या विजेच्या गर्दीतून येते आणि वाटेत कुरकुर गोळा करते. पिन शेवटी टक् करून बसेपर्यंत आत ढकला. अर्धवट बसलेली पिन हे "एकच बाजू वाजतेय" या तक्रारीचं नेहमीचं कारण आहे.

सॅटेलाइट, म्हणजे वूफरला जोडायचे दोन छोटे स्पीकर, स्प्रिंगच्या क्लिपनं जोडायचे असतील तर लाल तार लालला, काळी काळीला. दोन्ही बाजूंना सारखंच. एका बाजूची तार उलटी झाली तर स्पीकर बिघडत नाही, पण एक कोन पुढं येताना दुसरा मागं जातो आणि बेस विरून जातो.

तपासा: बातम्या लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. आवाज स्क्रीनच्या मधोमधून यायला हवा. तो डोक्याभोवती पसरल्यासारखा, कुठूनच न आल्यासारखा वाटला तर एका सॅटेलाइटच्या दोन तारा आपापसांत बदला, सेट बंद करूनच.

चालू-बंद करण्याचाही क्रम आहे. चालू करताना आधी कॉम्प्युटर, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. उलटं केलं की रोज सकाळ-संध्याकाळ तो "धप्प" आवाज येतो, तो कोनवरच पडतो.

## ४. जागा

या पायरीला एक रुपया लागत नाही आणि सगळ्यात जास्त फरक हिनंच पडतो. तरी लोक स्पीकर मॉनिटरच्या मागं सारतात, कारण तिथं जागा मोकळी असते.

मोजपट्टी घ्या. दोन स्पीकरांमधलं अंतर आणि तुमच्या डोक्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर, तिन्ही सारखी ठेवा. टेबलावर ही बाजू ७० ते ९० सेंटिमीटर येते. तोंडं थोडी आत वळवा, तुमच्या खांद्यांकडे.

मग उंची. उंच सुरांचा छोटा ट्वीटर किंवा एकच कोन असेल तर त्याचा मध्य तुमच्या कानाकडे रोखलेला हवा. नुसता टेबलावर ठेवलेला स्पीकर तुमच्या पोटाशी बोलतो आणि त्याचा अर्धा आवाज टेबलावर आपटून उशिरा कानात येतो. खाली दोन-तीन जुने दिवाळी अंक ठेवा किंवा पुढच्या काठाखाली खोडरबर सरकवून स्पीकर मागं कलता करा. खोडरबरचा दुसरा फायदा असा, की डब्याची थरथर टेबलात उतरत नाही. माझ्या टेबलावरची पेनस्टँडची खणखण मी सहा महिने स्पीकरचा दोष समजत होतो.

मागच्या भिंतीपासून निदान वीतभर पुढं, आणि पोर्ट मागच्या बाजूला असेल तर हे सक्तीचं समजा. भिंत बेस वाढवते, कोपरा त्याहून वाढवतो. पण तो वाढलेला बेस सपाट नसतो, एखाद-दोन सूरच फुगतात. वूफर खाली जमिनीवर, कोपऱ्यापासून दोन हात दूर, आणि कॅबिनेटला टेकवून तर नकोच. आत फिरती हार्डडिस्क असेल तर तिला सततची थरथर मानवत नाही.

तपासा: इथवर आल्यावर ओळखीचं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्याचा घुमारा आणि चाटीवरची टिचकी वेगवेगळी ऐकू यायला हवी. घुमारा सगळ्यावर चढत असेल तर वूफर अजून पुढं ओढा. बेसच्या बटणाला अजून हात नाही.

## ५. आवाजाच्या पायऱ्या

तुमच्या कानापर्यंत येईस्तोवर आवाज तीन नळांतून जातो: प्लेअर, विंडोज, स्पीकरचं बटण.

1. स्पीकरचं बटण शून्यावर आणा.
2. प्लेअर १०० टक्के, त्यावर एक टक्काही नाही.
3. विंडोज ८० ते ९०.
4. आता स्पीकरचं बटण हळूहळू फिरवून हवा तेवढा आवाज घ्या. रोजचा कमी-जास्त आवाज याच बटणावर करा.

हा क्रम का, ते सुरुवातीच्या पोराच्या उदाहरणावरून बघा. व्हीएलसी १२५ वर गेला की तो सुरांची शेंडे-टोकं तिथंच छाटतो. पुढं विंडोजनं आवाज ४० केला तरी कमी होतो तो छाटलेलाच आवाज. फाटलेलं कापड लहान घडीत ठेवलं म्हणून शिवलं जात नाही. उलट टोकाला, प्लेअर आणि विंडोज दोन्ही २० वर ठेवून स्पीकर पूर्ण फिरवला तर अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची सूं-सूं गाण्याइतकीच वर येते.

तपासा: गाणं थांबवा, बटण तसंच ठेवा आणि हातभर अंतरावरून ऐका. बारीक सूं चालेल. हंऽऽ किंवा शिट्टी आली तर ती लक्षात ठेवा, सातव्या पायरीत बघू.

## ६. बेस, ट्रेबल, इक्वलायझर

आधी विंडोजमध्ये त्या स्पीकरच्या ध्वनी-सेटिंगमध्ये जाऊन "ऑडिओ एन्हान्समेंट्स" बंद करा. लॅपटॉप कंपनीनं स्वतःचं आवाज "सुधारणारं" अ‍ॅप दिलं असेल तर तेही. ते लॅपटॉपच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरसाठी बेतलेलं असतं.

बेसचं बटण शून्यावर न्या, पुरुषाचा बोलण्याचा आवाज लावा आणि बेस वाढवत जा. बोलणं घुमायला लागलं की थांबा आणि किंचित मागं या. बस्स.

तरी काही खुपत असेल तर इक्वलायझर. इक्वलायझर एपीओ हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. वापरताना खुपणारा भाग कमी करा, आवडणारा वाढवू नका. वाढवलाच तर जितके डेसिबल वाढवलेत तितके प्रीअ‍ॅम्पमध्ये (त्याच सॉफ्टवेअरच्या एकूण आवाजाच्या पट्टीत) उणे करा, नाहीतर पाचव्या पायरीवरची छाटाछाट पुन्हा सुरू होईल. १०० हर्ट्झच्या खाली ओढून तीन इंची कोनातून वूफर निघत नाही. हे मला पन्नासदा सांगावं लागतं.

## ७. गुणगुण आणि शिट्टी

एका वेळी एकच गोष्ट बदला.

1. कॉम्प्युटरच्या टोकाची पिन काढा आणि ती लोंबती ठेवा, हात लावू नका. पिनेला बोट लागलं की मोठ्ठा भर्रर्र येतो. तो बिघाड नव्हे, घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची वीज तुमच्या अंगावरून आत येते. या भर्ररनं घाबरून चांगला सेट टाकून दिलेले लोक मला माहीत आहेत.
2. पिन काढूनही हंऽऽ तसाच? केबल स्पीकरच्या टोकालाही निघत असेल तर तीही काढा. तरी राहिला तर दोष स्पीकरमध्येच: ट्रान्सफॉर्मर किंवा सुकलेला फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारा छोटा भाग). चालू केल्यावर हंऽऽ मोठा आणि गरम झाल्यावर कमी, हे बऱ्याचदा कपॅसिटरचं लक्षण.
3. पिन काढल्यावर गप्प झाला? पिन परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. आता शांत असेल तर अर्थिंगचा फेरा झालाय, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वीज गोल फिरतेय. दोन्ही एकाच बोर्डवर लावून बघा. नाही गेला तर ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर मधे घाला. स्वस्तातला आयसोलेटर बेस थोडा खातो, पण गुणगुण जाते.
4. माउस हलवला की किणकिण? स्पीकरला वीज त्याच लॅपटॉपच्या यूएसबीतून आणि आवाजही त्याच लॅपटॉपमधून, हा तो फेरा. वीज मोबाइलच्या चार्जरवरून द्या.

इशारा: गुणगुण घालवायला तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापणारे महाभाग आहेत. गुणगुण जाते खरी, पण बिघाड झाला तर वीज उतरायला तुमच्याखेरीज रस्ता राहत नाही.

इन्व्हर्टर चालू झाल्यावरच भणभण येत असेल तर तो बहुधा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आहे. ट्रान्सफॉर्मरवाला सेट त्या लाइनवरून काढा.

## ८. टिकवायचं कसं

अडॅप्टर. घरात राउटरचा, सेटटॉप बॉक्सचा आणि स्पीकरचा अडॅप्टर एकाच ड्रॉवरमध्ये पडतात आणि पिन तर सगळ्यांना बसते. मीच एकदा घाईत भलताच लावला, धूर निघायलाही वेळ लागला नाही. त्या दिवसापासून प्रत्येक अडॅप्टरवर मार्करनं "कोणाचा" ते लिहितो. बदली घ्यायचा तर व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आतल्या पिनेची धन-ऋण खूण तीच. काही सेटचे अडॅप्टर एसी बाहेर देतात, डीसी नाही. चिठ्ठीवर "आउटपुट" पुढं काय आहे ते वाचल्याशिवाय लावू नका.

उष्णता. कपॅसिटर १० अंश थंड राहिला तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून वूफरच्या मागची धातूची पट्टी मोकळी ठेवा, आणि आजीनं विणलेला क्रोशाचा रुमाल त्यावर पसरू नका. आजीला वाईट वाटेल, रुमाल टीव्हीखाली घाला.

वीज. मेमध्ये वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढा, नुसतं बटण पुरत नाही. लाइट गेले की स्पीकर बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

पावसाळा. आठवड्यातून निदान एकदा तासभर वाजवा, आतली ओल उडते. किनाऱ्यालगत पिना हिरव्या पडतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. आणि पोर्ट! झुरळ आणि पाल यांच्या दृष्टीनं ते आयतं घर आहे, उबदार आणि अंधारं. वापर नसेल तेव्हा पातळ नायलॉनची जाळी बांधा, वाजवताना काढा.

## ९. बिघडलाच तर

एक बाजू बंद. आधी जास्तीची केबल लावा. मग सॅटेलाइट डावे-उजवे बदला. गप्प बाजू सॅटेलाइटबरोबर सरकली तर दोष सॅटेलाइटमध्ये किंवा त्याच्या तारेत. आहे तिथंच राहिली तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा सॉकेटच्या डागात.

बटण फिरवताना खरखर. आतल्या पॉटच्या, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या भागाच्या, कार्बनवर धूळ बसलीय. सेटचा प्लग काढा, बटणाची टोपी ओढून काढा, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर दांड्याच्या कडेनं थोडासा मारा, बटण २०-३० वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि १५ मिनिटं वाळू द्या. गंज सोडवायचा नेहमीचा तेलकट स्प्रे नको. आज खरखर जाते, पण तेलाला चिकटून महिन्यात दुप्पट धूळ येते. न थांबता गोल-गोल फिरणारं बटण असेल आणि आवाज उड्या मारत असेल तर ते पॉट नाही, एन्कोडर आहे. तो बदलावाच लागतो.

फुगलेला कपॅसिटर. माथा फुगलेला किंवा चिकट डाग दिसला तर बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा. पट्टी असते ती ऋण बाजू. जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या.

इशारा: थेट २३० व्होल्टची वायर आत जाणारा वूफर असेल आणि सोल्डरिंगचा हात नसेल तर झाकण उघडू नका, मेकॅनिककडे न्या. आणि फ्यूज उडाला म्हणून त्याला तार गुंडाळू नका. त्याच आकड्याचा नवा फ्यूज लावल्यावर तोही लगेच उडाला तर आत काहीतरी शॉर्ट आहे.

कोन दाबल्यावर घासतो. जाळी निघत असेल तर दोन्ही हातांची बोटं समोरासमोर टेकवून कोन अलगद आत ढकला. करकर लागली किंवा जळका वास आला तर कॉइल गेली. या किमतीच्या सेटमध्ये कॉइल भरून घेणं परवडत नाही. त्याच इंचाचा, त्याच ओहमचा सुटा स्पीकर आणून बसवा. ओहम कमी असलेला लावलात तर अ‍ॅम्प्लिफायरची चिप तापून जाईल. पोरांनी बोटानं आत दाबलेली मधली टोपी मात्र तशीच राहू द्या. दिसायला वाईट दिसते, आवाजात फारसा फरक पडत नाही, आणि टेपनं ओढायला गेलात तर कागद टेपबरोबर येतो.